गायनपोथी आणि तिचे संपादक : सोलेमच्या ग्रंथांचें परीक्षण

१. रोमन ख्रिस्ती धर्मसंप्रदायाच्या उपासनेंत जें लॅटिन गायन शतकानुशतकें चालत आलें, त्यास ग्रेगोरियन गायन म्हणतात. सर्व गाणारे एकच चाल एकाच वेळीं म्हणतात; युरोपीय संगीतांतील अनेक आवाजांची रचना त्यांत नाहीं, आणि ठराविक मात्रांचा तालही नाहीं. शब्द बहुतेक स्तोत्रसंहितेंतील असून चाल त्या शब्दांस धरून जाते. आमच्या कित्येक वाचकांस हा विषय दूरचा वाटेल. परंतु ज्यांनीं आयुष्याचा मोठा भाग पोथ्यांचे पाठ ताडून पाहण्यांत घालविला, त्यांस यांतील मुख्य प्रश्न परका नाहीं. जो ग्रंथ नुसता वाचावयाचा नसून रोज म्हणावयाचा आहे, त्याचा शुद्ध पाठ कोणता, तो कोणीं ठरवावा, आणि ठरविल्यावर म्हणणाऱ्याच्या हातीं कोणत्या रूपांत द्यावा, हा तो प्रश्न होय.

परीक्षणासाठीं आम्ही मुख्यत: दोन ग्रंथ घेतले आहेत. पहिला ‘लीबेर उझुआलिस’, म्हणजे नित्योपयोगी ग्रंथ. हा प्रथम १८९६ सालीं निघाला. दुसरा ‘ग्रादुआले त्रिप्लेक्स’, म्हणजे तीन लिपींत दिलेला मिस्सागायनाचा ग्रंथ; हा १९७९ सालीं निघाला. दोन्ही फ्रान्समधील सोलेम येथील बेनेदिक्तीन मठाच्या परिश्रमांचें फळ आहेत. एका धर्मगुरूच्या देखरेखीखालील देवळाचा जो परिसर, ज्यास वसईकडील ख्रिस्ती लोक धर्मग्राम म्हणतात, तेथील साध्या गायकवृंदास हे ग्रंथ कितपत उपयोगी आहेत, हें पाहणें हा आमचा हेतु आहे. विद्वानांच्या दृष्टीनें त्यांची किंमत यापूर्वींच ठरली आहे. गाणाऱ्याच्या दृष्टीनें ती ठरविणें अधिक कठीण आहे.

२. हे ग्रंथ कोणत्या दोषाच्या निवारणार्थ निर्माण झाले, हें आधीं सांगितलें पाहिजे. ट्रेंटच्या परिषदेनंतर रोमनें आपले उपासनाग्रंथ नव्यानें छापविले, आणि त्याबरोबर गायनाचे ग्रंथही तपासणें प्राप्त झालें. १५७७ सालीं तेरावे ग्रेगरी पोप यांनीं हें काम पालेस्त्रीना व झोइलो या दोन संगीतकारांवर सोपविलें. तें त्यांच्या हातून तडीस गेलें नाहीं. पुढें आनेरिओ व सुरियानो यांनीं सिद्ध केलेलें ग्रादुआले रोम येथील मेदिची छापखान्यांतून १६१४-१५ मध्यें बाहेर पडलें. हीच मेदिची आवृत्ति.

तिचे संपादक अडाणी नव्हते. उलट ते आपल्या काळच्या विद्येंत मुरलेले होते, आणि दोषाचें मूळ तेथेंच आहे. लॅटिन शब्दांतील जोरदार व दीर्घ अक्षरांवर अधिक स्वर आणि ऱ्हस्व अक्षरांवर थोडे, असा त्या काळच्या पंडितांचा दंडक होता. जुन्या चालींत तर ऱ्हस्व अक्षरावरही स्वरांचे लांबच लांब झुपके येतात. संपादकांनीं ते छाटले, किंवा शेजारच्या अक्षरावर सरकविले. आपल्याकडे ज्यास क्षेपक काढणें म्हणतात, त्याचेंच हें एक रूप. फरक इतकाच कीं, क्षेपक कोणता हें ठरवितांना पोथी प्रमाण न धरतां स्वत:ची अभिरुचि प्रमाण धरली.

एकोणिसाव्या शतकांत जर्मनींतील रेगेन्सबुर्ग येथील पुस्टेट या प्रकाशकानें ह्या पाठाचें पुनरुज्जीवन केलें. १८७१ सालीं त्याचें ग्रादुआले निघालें, आणि रोमकडून त्यास तीस वर्षांचा मक्ता मिळाला. संपादक हाबर्ल यांची समजूत अशी होती कीं, हा पाठ प्रत्यक्ष पालेस्त्रीनाच्या हातचा आहे. एकदां थोर नांव पाठाच्या पाठीशीं उभें राहिलें, म्हणजे पाठाची चौकशी करण्यास कोणी धजत नाहीं. हा अनुभव आम्हां महाराष्ट्रीयांसही नवा नाहीं. राफाएल मोलिटोर यांनीं १९०१-०२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मूळ कागदपत्रांच्या आधारें तें नांव त्या पाठापासून वेगळें केलें. परंतु तोंपर्यंत एक पिढी त्याच पुस्तकावरून गाऊन गेली होती.

३. सोलेमचा मठ १८३३ सालीं डॉम गेरांजे यांनीं पुन्हां उभा केला. निरनिराळ्या देशांतील व निरनिराळ्या काळांतील पोथ्या जेथें एका पाठावर मिळतात, तेथें मूळ चाल हातीं लागली असें समजावें, असें त्यांचें सूत्र होतें. सूत्र सोपें, परंतु तें अमलांत आणण्याच्या वाटेंत एक मोठी अडचण होती. दहाव्या शतकांतील उत्तमोत्तम पोथ्यांत स्वर रेघांवर मांडलेले नाहींत. शब्दांच्या वर बारीक वळणांच्या खुणा आहेत. त्यांस न्यूम म्हणतात. आवाज चढतो कीं उतरतो, कोठें थांबतो, कोठें झपाट्यानें जातो, हें त्या खुणा सांगतात. परंतु नेमका कोणता स्वर, हें सांगत नाहींत. ज्यास चाल आधींच मुखोद्गत आहे, त्याच्यासाठींच त्या लिहिल्या गेल्या. उलट, अकराव्या शतकांत ग्विदो दारेत्सो यांच्या रेघांच्या पद्धतीनंतरच्या पोथ्यांत स्वर स्पष्ट आहेत. परंतु लयीच्या बारीक खुणा हळूहळू लुप्त झाल्या आहेत. एकास डोळे आहेत, दुसऱ्यास पाय आहेत. असा हा पंग्वंधन्याय आहे.

ह्या दोघांची गांठ घालून देणारी एक पोथी १८४७ सालीं दांझू या गृहस्थास फ्रान्समधील माँपेलिये येथें सांपडली. तिच्यांत प्रत्येक शब्दावर न्यूमही आहेत आणि स्वरदर्शक अक्षरेंही आहेत. एकच लेख दोन लिपींत मिळाला म्हणजे अज्ञात लिपि वाचण्याची जी सोय होते, तीच येथें झाली. ह्या व अशा साधनांवर डॉम पोथिये यांनीं १८८० सालीं ग्रेगोरियन चालींवरील आपला प्रबंध आणि १८८३ सालीं ‘लीबेर ग्रादुआलिस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. मध्यंतरीं १८८२ सालीं आरेत्सो येथें भरलेल्या परिषदेनें पोथिये यांच्या पक्षाचा गौरव केला. परंतु पुढच्याच वर्षीं रोमच्या उपासनाविषयक कचेरीनें रेगेन्सबुर्गची आवृत्ति हीच अधिकृत, असा पुनरुच्चार केला.

तेव्हां डॉम मोकेरो यांनीं वाद सोडून पुरावा मांडण्याचा मार्ग धरला. १८८९ पासून ‘पॅलेओग्राफी म्युझिकाल’ ही माला निघूं लागली. तिच्या पहिल्या खंडांत सेंट गाल येथील ३३९ क्रमांकाच्या पोथीचीं छायाचित्रें आहेत. दुसऱ्या व तिसऱ्या खंडांची योजना आमच्या वाचकांनीं विशेष लक्षांत घ्यावी. ‘यूस्तुस उत् पाल्मा’ ह्या एकाच गीताचीं पानें नवव्यापासून सतराव्या शतकापर्यंतच्या, देशोदेशींच्या दोनशेंहून अधिक पोथ्यांतून घेऊन तीं ओळीनें छापलीं आहेत. जुन्या पोथ्यांत एकवाक्यता नाहीं, म्हणून त्यांवरून पाठ ठरूं शकत नाहीं, असा प्रतिपक्षाचा आक्षेप होता. त्यावर मोकेरो यांनीं युक्तिवादाचें पान लिहिलें नाहीं. पोथ्याच वाचकापुढें ठेवल्या. पाठचिकित्सेच्या इतिहासांत इतका सरळ जबाब विरळा.

४. १९०३ सालीं दहावे पायस पोप यांनीं उपासनेंत ह्या गायनास अग्रस्थान देणारें आज्ञापत्र काढलें, आणि १९०४ सालीं अधिकृत आवृत्तीसाठीं समिति नेमली. अध्यक्षपद पोथिये यांस मिळालें. येथपर्यंत सोलेमचा विजय झाला असें दिसतें. परंतु येथेंच गुरुशिष्यांत फूट पडली. मोकेरो यांचें म्हणणें, जी पोथी सर्वांत जुनी, तिचा पाठ घ्यावा. पोथिये यांचें म्हणणें, गायन ही जिवंत परंपरा आहे. मध्ययुगांत सर्वत्र रूढ झालेला पाठही परंपरेचाच भाग आहे, तो टाकूं नये.

एक उदाहरण देतों. तिसऱ्या स्वरवर्गांत स्तोत्र म्हणतांना ज्या स्वरावर शब्दांची मालिका चालते, तो जुन्या पोथ्यांत ‘सि’ आहे. पुढें तो जवळजवळ सर्व ठिकाणीं अर्ध्या स्वरानें वर चढून ‘दो’ झाला. आपल्या स्वरांत सांगावयाचें तर शुद्ध निषादाच्या जागीं तारषड्ज आला. निषादावर टिकून राहणें गळ्यास अवघड आणि षड्जावर विसावणें सोपें, हें कोणाही गाणाऱ्यास पटेल. आतां खरा पाठ कोणता? मोकेरो म्हणत निषाद. पोथिये म्हणत, पुढच्या शतकांच्या सर्व गायकांनीं एकमुखानें केलेला बदल ही चूक नव्हे. समितींत पोथिये यांचें मत चाललें. १९०८ च्या ग्रादुआलेंत आणि १९१२ च्या आंतिफोनालेंत षड्ज राहिला. सोलेमनें स्वत:च्या मठवासी बांधवांसाठीं १९३४ सालीं जें आंतिफोनाले काढलें, त्यांत निषाद परत आणला.

ह्या वादांत एका पक्षास सर्वस्वी दोष देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. राजवाड्यांनीं १९०९ सालीं जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, तथापि वारकऱ्यांच्या पारायणांत एकनाथांनीं शके १५०६ मध्यें शुद्ध केलेल्या प्रतीची परंपराच चालू राहिली. संशोधकाची प्रत आणि पारायणाची प्रत यांची कामें निरनिराळीं आहेत. पारायण करणारा एकनाथी पाठ म्हणतो म्हणून तो अज्ञ ठरत नाहीं. मात्र आपण कोणता पाठ म्हणत आहों, आणि तो कोणाच्या हातून आपणांपर्यंत आला, हें त्यास कळावयास हवें. ह्या एका कसोटीवर पुढील दोन ग्रंथ आम्ही घासून पाहणार आहों.

५. प्रथम ‘लीबेर उझुआलिस’. ह्याच्या पुढील आवृत्त्या व्हॅटिकनच्या अधिकृत पाठास धरून झाल्या. नंतरच्या आवृत्त्यांची पृष्ठसंख्या सुमारें एकोणीसशें आहे. रविवारांच्या व मुख्य सणांच्या मिस्सेचें गायन, सायंप्रार्थना, पवित्र आठवड्याचे विधि, अंत्यविधि असें सर्व एका जिल्दींत आहे. १९३४ पासून इंग्रजी सूचनांसहित आवृत्तिही मिळूं लागली. आरंभीं वाचनाचे नियम दिले आहेत. खेड्यांतील गायनशिक्षकास दहा पुस्तकें चाळावीं लागत असत, तेथें एका पुस्तकावर काम भागलें. हा उपकार लहान नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जगांतील असंख्य देवळांत हें गायन ऐकूं आलें, त्याचें श्रेय बव्हंशीं ह्याच पुस्तकास आहे. जे विद्वान आज त्यास नाक मुरडतात, त्यांनीं ही गोष्ट विसरूं नये.

परंतु त्यांतील दोषही तितकाच स्पष्ट सांगितला पाहिजे. चार रेघांच्या पट्ट्यावर चौकोनी स्वर छापले आहेत. हा व्हॅटिकनचा पाठ. त्याच पट्ट्यावर, त्याच काळ्या शाईनें, सोलेमनें आणखी तीन प्रकारच्या खुणा घातल्या आहेत. स्वरापुढील टिंब म्हणजे तो स्वर दुप्पट लांबवावा. स्वरावरील आडवी रेघ म्हणजे तो थोडा रेंगाळत म्हणावा. स्वराखालील उभी रेघ म्हणजे तेथें लयीचें पाऊल पडतें असें समजावें. यांपैकीं आडव्या रेघेस सेंट गालच्या पोथ्यांत पुष्कळ ठिकाणीं आधार आहे. टिंबें बहुतांशीं संपादकाच्या निर्णयाचीं आहेत. उभी रेघ तर मोकेरो यांच्या लयविषयक उपपत्तींतून निघाली आहे. ती कोणत्याही पोथींत नाहीं.

प्रस्तावनेंत ह्या खुणा सोलेमच्या आहेत हें सांगितलें आहे. त्यामुळें लपवाछपवीचा आरोप आम्ही करीत नाहीं. परंतु गाणारा प्रस्तावना वाचीत नाहीं. तो पान वाचतो. पानावर दहाव्या शतकांतील लेखकाची खूण, अकराव्या शतकानंतरचा स्वर, १९०८ च्या समितीचा निर्णय आणि मोकेरो यांची उपपत्ति हीं चारही एका रंगांत, एका रेषेंत बसलीं आहेत. परिणामीं दोन पिढ्यांच्या गायकवृंदांनीं हें सर्व मिळून एकच प्राचीन परंपरा होय, असें मानलें.

ह्यांत प्रत्यक्ष हानि कशी झाली, हें ‘सालिकुस’ नांवाच्या न्यूमावरून दिसेल. तीन चढत्या स्वरांचा हा समूह आहे. साध्या चढत्या समूहाहून त्याची खूण जुन्या पोथ्यांत वेगळी आहे. परंतु चौकोनी लिपींत दोन्ही सारखेच दिसतात. भेद कळावा म्हणून सोलेमनें मधल्या स्वराखालीं उभी रेघ दिली, आणि तो स्वर लांबवावा असें शिकविलें. हेतु चांगला होता. पुढें त्याच मठांतील डॉम कार्दीन यांनीं शेंकडों ठिकाणें ताडून असें दाखविलें कीं, ह्या न्यूमांत वजन मधल्या स्वरावर नसून शेवटच्या स्वरावर आहे. मधला स्वर केवळ तिकडे घेऊन जातो. म्हणजे पोथींतील भेद दाखविण्यासाठीं घातलेली खूणच पोथीच्या अर्थाविरुद्ध गेली. ज्या गायकवृंदानें तो मधला स्वर श्रद्धेनें लांबविला, त्याचा त्यांत अपराध कोणता? त्याच्या हातीं जें दिलें, तें तो प्रामाणिकपणें म्हणत होता.

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत सुकथनकरांनीं, जेथें पाठ पूर्ण निश्चित नाहीं, तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ दिली आहे. वाचकास तत्क्षणीं कळतें कीं, येथें संपादकाचा निर्णय आहे, साक्ष डळमळीत आहे. लीबेरच्या खुणा वेगळ्या रंगांत किंवा वेगळ्या आकारांत छापल्या असत्या, तर आमचा बहुतेक आक्षेप गळून पडला असता.

६. आतां ‘ग्रादुआले त्रिप्लेक्स’. कार्दीन यांनीं स्वत:च्या ग्रादुआलेच्या प्रतींत प्रत्येक गीतावर सेंट गालच्या परंपरेचे न्यूम हातानें उतरून काढले होते. ती प्रत १९६६ सालीं छापली गेली. १९६८ सालीं न्यूमांच्या अर्थासंबंधीं त्यांचा ग्रंथ निघाला. ह्या दोहोंच्या पुढची पायरी म्हणजे त्रिप्लेक्स. मध्यें १९७४ च्या ग्रादुआलेचा चौकोनी पाठ. त्याच्या वर काळ्या शाईंत लां येथील २३९ क्रमांकाच्या पोथीचे न्यूम. खालीं तांबड्या शाईंत सेंट गाल व आइन्सीडेल्न येथील पोथ्यांचे न्यूम. त्या त्या ठिकाणीं पोथीचा निर्देशही आहे. दोन पोथ्यांच्या परंपरा परस्परांपासून स्वतंत्र आहेत; त्यांच्या खुणांचीं वळणें निराळीं आहेत; आणि तरीही लयीच्या बाबतींत त्या पुन: पुन: एकच गोष्ट सांगतात. हें पाहतांना गेरांजे यांचें सूत्र डोळ्यांपुढें खरें ठरतें.

कोणाची खूण कोणती, हा प्रश्न येथें उरत नाहीं. शाई व जागा यांवरूनच उत्तर मिळतें. सेंट गालच्या लेखकांनीं न्यूमांशेजारीं लहान अक्षरें घातलीं आहेत: झपाट्यानें जाण्यासाठीं एक, रोखण्यासाठीं दुसरें. तीं अक्षरें जशींच्या तशीं दिलीं आहेत. तांबड्या खुणेशेजारचें अक्षर पाहून एक हजार वर्षांपूर्वींचा गायनगुरु आपल्या शिष्यास ‘येथें थांब’ म्हणून सांगत आहे असें वाटतें, आणि तसें वाटण्यास यथार्थ आधार आहे.

दोषही आहेत. पहिला: न्यूम हातानें नकलून घातले आहेत, छायाचित्रें नाहींत, नकलकारानें कितीही काळजी घेतली, तरी नक्कल ती नक्कल. आज सेंट गाल व आइन्सीडेल्न येथील ह्या पोथ्यांचीं छायाचित्रें संगणकावर कोणासही पाहावयास मिळतात. अभ्यासकानें तीं जोडीस ठेवावीं. दुसरा: मधला चौकोनी पाठ मुख्यत: १९०८ चाच आहे. जेथें तो जुन्या पोथ्यांशीं जुळत नाहीं, तेथें एकाच पानावर वरची ओळ एक सांगते व मधली दुसरें सांगते. संपादकांनीं हा विरोध मिटविलेला नाहीं, उघडा ठेवला आहे. ह्यास आम्ही दोष म्हणूं, परंतु प्रामाणिक दोष म्हणूं. तिसरा दोष आमच्या प्रस्तुत विषयास लागू आहे: आठवड्यांतून एकदां जमणाऱ्या, दिवसभर कामधंदा करून येणाऱ्या गायकवृंदास हा ग्रंथ वाचतां येणार नाहीं. त्याच्या हातीं तो दिला, तर तो मधली ओळ गाईल आणि बाकीच्या दोन ओळी शोभेच्या समजेल.

७. मग धर्मग्रामानें काय करावें? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं उपासनेसंबंधीं जो ठराव केला, त्यांत ग्रेगोरियन गायनास, इतर गोष्टी समान असतां, अग्रस्थान द्यावें असें म्हटलें आहे. आणि त्यापुढील कलमांत तीन कामें सांगितलीं आहेत. अधिकृत ग्रंथ पुरे करावे. निघालेल्या ग्रंथांची अधिक चिकित्सक आवृत्ति तयार करावी. आणि लहान देवळांसाठीं सोप्या चालींचा ग्रंथ काढावा. संशोधकाची प्रत निराळी आणि पारायणाची प्रत निराळी, हें तत्त्व येथें एका धर्मपरिषदेनें मान्य केलें, असा आम्ही याचा अर्थ करतों.

सोप्या चालींचा ‘ग्रादुआले सिंप्लेक्स’ १९६७ सालीं निघाला. त्यांतील चाली नव्या रचलेल्या नाहींत, जुन्याच आहेत. परंतु पुष्कळशा तासांच्या प्रार्थनेंतील लहान गीतांतून उचलून मिस्सेंत आणून बसविल्या आहेत. काकड आरतीचा अभंग शेजारतीस म्हणावा, तसें हें झालें. अभंग खरा, वेळ बदललेली. ज्या गायकवृंदांत चारच माणसें आहेत, त्यास तरीही हें पुस्तक आम्ही सुचवूं. कारण अवघड गीत वेडेंवांकडें म्हणण्यापेक्षां सोपें गीत नीट म्हणणें उपासनेस अधिक शोभतें. १९७४ सालीं सहावे पॉल पोप यांनीं ‘यूबिलाते देओ’ ही लहान पुस्तिका सर्व बिशपांकडे पाठविली. सर्व भक्तांस म्हणतां याव्या अशा थोड्या चाली तींत आहेत. आरंभ करावयाचा तर तेथून करावा.

अधिक चिकित्सक आवृत्तीचें काम लांबलें. अखेर मिस्सागायनापुरतें तें ‘ग्रादुआले नोवुम’ ह्या नांवानें २०११ व २०१८ सालीं दोन खंडांत बाहेर पडलें, आणि प्रकाशनस्थळ पाहावें तर व्हॅटिकनच्या जोडीस रेगेन्सबुर्ग! ज्या नगरांतून मेदिचीचा छाटलेला पाठ जगभर गेला, त्याच नगरांतून पोथ्यांवरून शुद्ध केलेला पाठ आला. इतिहासानें आपलें ऋण असें फेडलें.

ह्या सर्वांवरून व्यवहारापुरते आमचे निष्कर्ष असे. लीबेर टाकूं नये. ज्या गायकवृंदास त्याची संवय आहे, त्यानें त्याच्याच खुणा पाळून गावें. कारण दहा माणसांनीं एका रीतीनें गाणें, ही गायनाची पहिली अट आहे, आणि लीबेरच्या खुणांनीं ती साधते. एका ओळीस लीबेरची रीत आणि दुसरीस कार्दीनची रीत, असा संकर मात्र करूं नये; त्यानें दोन्हीं विद्या बुडतात. परंतु गायकवृंदाच्या प्रमुखानें त्रिप्लेक्स जवळ बाळगावें. येत्या रविवारचें एक गीत घेऊन त्याच्या तीन ओळी ताडून पाहाव्या. आणि जेथें लीबेरच्या खुणेस पोथींत आधार नाहीं, तेथें ती पेन्सिलीनें खोडावी व कां खोडली हें मंडळीस दोन वाक्यांत सांगावें. वर्षभरांत पन्नास गीतें होतात. एवढ्या कामानें मंडळी पंडित होणार नाहींत. परंतु आपण कोणाचें म्हणणें म्हणत आहों, हें त्यांस कळूं लागेल. ह्याहून अधिक अपेक्षा आम्ही पारायण करणाऱ्याकडूनही करीत नाहीं.

८. ह्या प्रश्नाचा आमच्या प्रांताशीं संबंध अगदींच नाहीं असें नव्हे. पोर्तुगीज अमलांत गोमंतकांतील धर्मग्रामांच्या शाळांतून मुलांस स्वरवाचन व देवळांतील गायन शिकवीत, आणि त्या शिक्षणावर तेथील संगीताची परंपरा उभी राहिली. मेदिची आवृत्ति रोम येथें निघाली, त्याच सुमारास, १६१६ सालीं, फादर स्टीफन्स यांचें मराठी ‘क्रिस्तपुराण’ गोमंतकांत राशोल येथें छापलें गेलें. त्याच्या जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांनीं. छापील तें टिकाऊ आणि हस्तलिखित तें नाशवंत, हा समज किती फसवा आहे, याचें याहून जवळचें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

व्हॅटिकन परिषदेनंतर गोमंतकांत कोंकणीनें आणि वसईकडे मराठीनें उपासनेंत योग्य तें स्थान मिळविलें. लोकांस आपल्या भाषेंत प्रार्थना करतां यावी, हें इष्टच झालें. त्याविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं. परंतु ह्या बदलांत लॅटिन गायनाचीं पुस्तकें कपाटांत गेलीं, आणि कपाटांतील पुस्तकाचें पुढें काय होतें, हें संग्राहकांस सांगावयास नको. आमची त्यांस एक विनंति आहे. जुन्या देवळांतून वा गायनशिक्षकांच्या घरांतून लीबेर, ग्रादुआले किंवा हातानें उतरलेल्या गायनवह्या दृष्टीस पडल्या, तर त्या छापील म्हणून, किंवा अलीकडच्या म्हणून, उपेक्षूं नयेत. छापील पाठ इतरत्र मिळेल. परंतु समासांतील पेन्सिलीची खूण, खोडलेलें टिंब, श्वास घेण्याच्या जागीं ओढलेली रेघ, शब्दाखालीं लिहिलेला अर्थ, ह्या गोष्टी दुसऱ्या कोणत्याही प्रतींत मिळणार नाहींत. त्या देवळांत प्रत्यक्ष काय गाइलें गेलें, याची ती एकमेव साक्ष आहे. सेंट गालच्या लेखकानें न्यूमाशेजारीं जें अक्षर घातलें, तेंही त्याच्या काळीं अशाच एका शिक्षकाची खूण होती.

म्हणून अशा प्रतींचीं सर्व पानें, समासांसहित, छायाचित्रांत घ्यावीं. प्रत कोठें मिळाली, कोणत्या देवळांत वापरांत होती, हें त्यांसोबत नोंदवावें. आणि समासांतील खुणा शाईनें गिरवूं नयेत किंवा स्वच्छ करण्याच्या नादानें पुसूं नयेत. संपादकाची खूण, पोथीची खूण आणि गाणाऱ्याची खूण, ह्या तिन्हींस आपापली जागा आहे. त्यांची सरमिसळ झाली म्हणजे काय होतें, हें लीबेरनें दाखविलें. त्या वेगळ्या ठेवल्या म्हणजे काय लाभतें, हें त्रिप्लेक्सनें दाखविलें आहे.